मोजणारा कोणाचा?



गिरणीत कामाचे माप मालकाचा माणूस घेऊ लागला की कामगार विचारतो, ‘आमच्या बाजूने कोण मोजणार?’ अमेरिकेत अपंग मुलांच्या आईबापांना हाच प्रश्न विचारण्याचा हक्क कायद्याने आहे. त्या मुलांच्या शिक्षणाचा कायदा तेथे १९७५ साली झाला. मुलाला कोणती मदत हवी हे स्कूल बोर्डाच्या तपासणीवरून ठरते, आणि त्या मदतीचा खर्चही बोर्डालाच करावा लागतो. म्हणून ती तपासणी पटली नाही, तर बोर्डाच्या नोकरीत नसलेल्या तज्ज्ञाकडून, सरकारी खर्चाने, स्वतंत्र तपासणी मागता येते. मग बोर्डाने विनाकारण विलंब न लावता खर्च द्यावा, नाहीतर सुनावणी मागून आपली तपासणी योग्य होती हे दाखवून द्यावे. नवा अहवाल त्याने मान्यच करावा असे नाही, पण विचारात घ्यावाच लागतो.

२००५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याचा भार दाद मागणाऱ्यावर टाकला, तेव्हा आईबापांच्या हाती असलेल्या याच साधनाकडे बोट दाखवले. मंडळी, पैसेवाला दुसरा तज्ज्ञ केव्हाही आणील. गरिबाच्या मुलासाठी मात्र तो हक्क खर्चासकट मिळाला, तरच कामाचा!