सुटीचे दिवस आणि गावाची कला
(महोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



गतकाळाचा आढावा घेण्याचे काम माझ्याहून अधिक अधिकारी व्यक्तींनी केलेच आहे. म्हणून मी आपणांपुढे एक साधा विषय मांडतो. नाताळची सुटी असो की उन्हाळ्याची, त्या दिवसांत गावोगाव गाणी, नाटके, मिरवणुका, देखावे व स्पर्धा ह्यांची एकच गर्दी उडते. पैसा खर्च होतो, कार्यकर्ते श्रमतात, रात्रीच्या रात्री जागविल्या जातात. मांडव उतरल्यावर ह्या सर्वांतून गावाच्या पदरात काय उरते, हा माझा प्रश्न आहे; आणि त्याचे उत्तर आपण आपल्या खानदेशातच शोधावे, अशी माझी विनंती आहे.

सुटी ही कल्पना मूळची कचेरीची व शाळेची. आपल्या पणजोबांना ती ठाऊक नव्हती. त्यांना सुटी मिळे ती शेताकडून. रब्बीचे पीक घरात आले आहे आणि पाऊस अद्याप दूर आहे, अशा वैशाखातील मोकळ्या दिवसांत आखाजी येते. जुन्या सालदाराचे साल त्या दिवशी पुरे होते व नवे साल ठरते. पितरांसाठी घागर भरली जाते, लेकी माहेरी येतात, कडुनिंबाच्या फांदीला झोके बांधले जातात आणि त्या झोक्यांवर गौराईची गाणी चालतात. पुढे पेरणी उरकून पिके हिरवी झाली की श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई बसते. पोटासाठी सुरतेला वा मुंबईला गेलेला भाऊबंद त्या दिवशी घर गाठतो, सर्वांबरोबर रोट खातो, रात्रभर जागरण करतो, आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होते. खानदेशाची वही, म्हणजे डफाच्या साथीने घोळक्याने बसून गायिले जाणारे आपले खास गाणे, हेही अशाच मोकळ्या रात्रींचे अपत्य होय.

ह्या साऱ्यांत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. झोक्यावरचे गाणे ऐकण्यासाठी कोणी वेगळा प्रेक्षकवर्ग जमत नसे. जी आता ऐकत होती, तीच घटकाभराने झोक्यावर बसून गात असे. गळा गोड असो वा नसो, प्रत्येकीचा त्यात वाटा असे. 'वाटा' हा शब्द मी मुद्दाम योजीत आहे, कारण माझ्या आजच्या बोलण्याचे सार त्या एका शब्दात आहे. उत्सवाला किती माणसे जमली ह्यापेक्षा किती माणसांना त्यात वाटा मिळाला, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे.

वाटा मिळणे आणि न मिळणे ह्यांत किती अंतर पडते, ह्याचा दाखला आपल्याच जिल्ह्याने दिला आहे. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि जळगाव हे पूर्व खानदेशाचे ठाणे बनले. लगेच पुढच्या वर्षी, १९०७ साली, त्या गावात महाराष्ट्रातील कवींचे पहिले संमेलन भरले. अध्यक्षस्थानी कर्नल डॉ. कीर्तिकर होते. त्या सभेत धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा उभा राहिला व त्याने आपली कविता म्हटली. मोठ्यांच्या सभेत पोराचे काय काम, असे म्हणून त्याला कोणी खाली बसविले नाही. उलट अध्यक्षांनी त्याला 'बालकवी' ही पदवी देऊन गौरविले. आज मराठी शाळेत शिकलेला प्रत्येक जण त्याला त्याच नावाने ओळखतो. पुढे हाच मुलगा अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई ह्यांच्या घरी घरच्यासारखा राहिला. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून त्याचा अंत झाला, तेव्हा तो अवघ्या सत्तावीस वर्षांचा होता. इतक्या थोड्या आयुष्यात त्याने मराठीला जे दिले, त्याच्या मुळाशी जळगावच्या त्या सभेने दिलेला धीर नव्हता, असे कोण म्हणेल?

आता चित्राची दुसरी बाजू पाहा. त्याच १९०७ साली, त्याच जळगावात, एक तरुण शेतकरी गृहिणी नांदत होती. ती आसोद्याची लेक. जन्म १८८० चा. तिला अक्षरओळख नव्हती. जात्यावर दळताना, चुलीपुढे बसताना, शेतात राबताना तिला गाणी सुचत, आणि ती ऐकायला घरच्या माणसांपलीकडे कोणी नसे. तिचे चिरंजीव सोपानदेव, जे स्वतः कवी होते, आणि आप्त पितांबर चौधरी ह्यांनी त्यांतील काही टिपून ठेवली, एवढेच आपले भाग्य. १९५१ च्या डिसेंबरात ती माउली निवर्तली. १९५२ साली आचार्य अत्रे ह्यांच्या प्रस्तावनेसह तिची गाणी छापून निघाली, तेव्हा महाराष्ट्राला कळले की बहिणाबाई चौधरी नावाची एक थोर कवयित्री आपल्यात होऊन गेली. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली तिचे नाव देण्यात आले. परंतु जिवंतपणी एकाही सभेने तिला 'बाई, आपणही काही म्हणा' असे म्हटले नाही.

ह्यात कोणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्या काळी तशी रीतच नव्हती. पण ही गोष्ट वाचली की मनात एक भीती उभी राहते. बहिणाबाईंची गाणी घरात टिपणारा कोणी होता म्हणून वाचली. ज्यांच्या घरात तसा कोणी नव्हता, त्या किती जणी असतील? आणि आज, ह्या क्षणी, पाचोऱ्याच्या एखाद्या गल्लीत, अहिराणीत वा तावडीत गाणारी जी आजी बसली आहे, तिला आपल्या सुटीतील उत्सवांत कोठे जागा आहे काय?

प्रामाणिकपणे पाहिले तर उत्तर समाधानकारक नाही. पाचोरा हे मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील जंक्शन. येथूनच जामनेरला जाणारी सुमारे ५६ किलोमीटरची अरुंद मार्गाची गाडी, आपली 'पीजे', जवळजवळ शंभर वर्षे धावली. आखाजीला माहेरी निघालेल्या लेकी, शेंदुर्णीच्या यात्रेला निघालेली कुटुंबे तिने वाहिली. २०२० साली महामारीच्या टाळेबंदीत ती थांबली. गाडी थांबली तशी पुष्कळ गाणीही थांबत आहेत. मात्र गाडी थांबली हे सर्वांना दिसले, गाणी थांबल्याचे कोणाला दिसत नाही. कारण त्यांच्या जागी दुसरा आवाज आला आहे. भाड्याने आणलेले ध्वनिक्षेपक, भाड्याने आणलेले गायक, भाड्याने आणलेले नर्तक. गाव समोर बसते, टाळ्या वाजविते आणि घरी जाते. मुलेही मोठ्यांचे पाहूनच शिकतात. सुटी म्हणजे दुसऱ्याने केलेले पाहणे, अशी त्यांची समजूत झाली, तर हातातील यंत्राकडे डोळे लावून बसल्याबद्दल त्यांना बोल लावण्याचा आपल्याला अधिकार उरत नाही.

कोणी म्हणेल, 'बाहेरचे कलावंत निपुण असतात. आपल्या पोरांचे बेसूर गाणे कोण ऐकणार?' आक्षेप खोटा नाही. निपुण कलावंताचे गाणे ऐकणे हे शिक्षणच आहे, आणि ज्या गावाने कधी उत्तम ऐकले नाही त्याला उत्तमाची चाड राहत नाही. जळगावात बालगंधर्वांच्या नावाने संगीत महोत्सव होतो. आपल्या मुलांना तेथे अवश्य न्यावे. परंतु ऐकून आलेल्या मुलाने पुढे काय करावे, ह्याची सोय गावात हवी. बालकवींनाही कोठेतरी पहिल्यांदा उभे राहावेच लागले.

दुसरा कोणी म्हणेल, 'गावाच्या उत्सवाला सामग्री नाही, पैसा नाही.' त्याने १९३६ सालचा डिसेंबर आठवावा. राष्ट्रीय सभेचा जन्म १८८५ साली नाताळच्या सुटीतच मुंबईस झाला होता, आणि न्यायालये व विद्यालये त्या दिवसांत बंद असल्यामुळे पुढेही अनेक वर्षे तिची अधिवेशने डिसेंबरअखेरीस भरत असत. १९३६ साली प्रथमच ते अधिवेशन शहर सोडून खेड्यात आले. आणि ते खेडे आपल्या खानदेशातील, तापीपलीकडचे फैजपूर. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. महात्मा गांधींनी शांतिनिकेतनाचे थोर चित्रकार नंदलाल बोस ह्यांना सजावटीसाठी पाचारण केले, ते ह्या आग्रहाने की गावात जे मिळते त्यातूनच सारे उभे राहावे. नंदलालबाबूंनी बांबू, गवत, चटया असल्या सामान्य वस्तूंतून असे नगर सजविले की पाहणारे थक्क झाले. अध्यक्षांच्या मिरवणुकीचा रथही बैलांनीच ओढला. कलेला सामग्रीचे दारिद्र्य आड येत नाही, हा धडा खानदेशाच्या भूमीवरच गिरविला गेला आहे.

आणि हा धडा ख्रिस्ती परंपरेला तर फार जुना आहे. नाताळात आपण जो गोठा मांडतो, त्याची परंपरा १२२३ सालच्या नाताळाकडे जाते. इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस ह्यांनी गवताची गव्हाण मांडली, खराखुरा बैल व गाढव आणविले आणि गावकऱ्यांना मशाली घेऊन बोलाविले. सोन्यारुप्याचे तेथे काही नव्हते. गाव मात्र होते.

मराठी भाषेच्या बाबतीतही हेच. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू. परंतु गोव्यातील लोकांना ऐकायला गोड वाटावे म्हणून त्यांनी ओवी हा लोकांचा छंद स्वीकारला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचिले. ते १६१६ साली छापले गेले व सणावारी लोकांत मोठ्याने वाचले जाई. ज्यांनी लोकांचा छंद आपला मानला, त्यांचे शब्द चारशे वर्षे टिकले. तेव्हा आखाजीचा झोका वा डफाची वही ही आपली नव्हेत, असे आपल्यापैकी कोणी मानू नये. जळगावात कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो, तेव्हा तो वाटेत लालशाबाबांच्या समाधीपाशी थांबतो व तेथे आदर व्यक्त करूनच पुढे जातो. शेजाऱ्याच्या दारी थांबण्याची ही रीत खानदेशाने आपल्याला शिकविली आहे.

नुसता उपदेश करून खाली बसणे मला शोभणार नाही. म्हणून तीन लहान सूचना करतो.

पहिली, येत्या नाताळचा गोठा बाजारातून आणू नये. कपाशीच्या पऱ्हाट्या, ज्वारीचा कडबा, बांबू व माती एवढ्यावर तो मुलांनी बांधावा, आणि त्यासाठी शेजारपाजारच्या सर्व धर्मांच्या मुलांना बोलवावे. तो वाकडा झाला तरी चालेल. मोठ्यांनी रात्री गुपचूप सरळ करू नये.

दुसरी, उन्हाळ्याच्या सुटीत, आखाजीच्या आधी, प्रत्येक मुलाने आपल्या आजीचे एक गाणे तिच्याच बोलीत उतरवून आणावे, आणि खाली तिचे नाव, तिचे माहेर व तारीख लिहावी. हल्ली आवाज साठविण्याचे साधन घरोघरी आहे. त्याचा ह्याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. एके संध्याकाळी ती गाणी सर्वांपुढे म्हणावी आणि त्या आज्यांना पहिल्या रांगेत बसवावे.

तिसरी, आपल्या रंगमंचाचा एक नियम असावा. कार्यक्रमाचा निदान अर्धा वेळ अशांना द्यावा, जे पूर्वी कधी मंचावर चढलेले नाहीत. आणि बाहेरच्या कलावंताला मानधन देण्यापूर्वी, गावातील डफ वाजविणाऱ्या वृद्धाला चार मुले शिकविण्याबद्दल मानधन ठरवावे. कलेची विद्या एका पिढीत तुटली की ती पैशाने परत मिळत नाही.

बंधुभगिनींनो, महोत्सव म्हणजे लोटलेल्या वर्षांबद्दल कृतज्ञता, तशीच पुढील वर्षांची जबाबदारीही होय. अजून पंचवीस वर्षांनी ह्याच ठिकाणी कोणी उभा राहील. आजच्या रोषणाईचे त्याला स्मरण असणार नाही. परंतु एखादी प्रौढ स्त्री उठून म्हणाली, 'मी आठ वर्षांची असताना आजीचे गाणे येथे म्हटले होते, आणि ते मला अजून येते', तर आपली आजची सुटी सार्थकी लागली, असे समजावे.