अलिबागमध्ये राहायला महिन्याला किती लागतात?

आज जरा पैशाबद्दल बोलूया. माझा मावसभाऊ डोंबिवलीला भाड्याने राहतो. चौलला त्याच्या वडिलांचं कौलारू घर आहे, भोवती पाच गुंठ्यांची वाडी, नारळ-सुपारी. आता त्याला अलिबागला तीस हजारांची नोकरी मिळतेय. परवा फोनवर म्हणाला, "दादा, चौघांना महिन्याला किती लागतात रे तिकडे?"

मी आमची वही काढली. आम्हीही चौघंच, घर स्वतःचं. किराणा सात हजार, मासळी-भाजी-दूध सात, वीज-गॅस-मोबाइल तीन, मुलांची फी आणि क्लास पाच, पेट्रोल अडीच, वरखर्च साडेतीन. झाले अठ्ठावीस हजार. भाऊ खूश! "म्हणजे दोन हजार उरतील."

आणि इथेच गफलत होते. आपल्याकडचा खर्च महिन्याचा नसतोच मुळी, तो वर्षाचा असतो. मे महिना बघा. आगोटीची बेगमी करायची, म्हणजे तांदूळ, डाळी, मसाला, सुकट, सोडे, पांढऱ्या कांद्याच्या माळा. बारा हजार गेले. त्याच महिन्यात कौलं चाळायची, पागोळ्या बघायच्या, वाकलेलं झाड तोडायचं, त्याचे वीस. ३ जून २०२०चं निसर्ग वादळ ज्यांनी पाहिलंय, ते हे काम पुढे ढकलत नाहीत. आमच्या आळीत तेव्हा कित्येक दिवस वीज नव्हती, आणि पत्रे कुणाचे कुणाच्या वाडीत पडलेले. मग लगेच शाळा, वह्या-पुस्तकं-गणवेश सोळा. गणपती वीस. आणि दुखणं. किरकोळ असेल तर जिल्हा रुग्णालय आहे, पण मोठं काही निघालं की पनवेल, नवी मुंबई गाठावी लागते. मागच्या वर्षी बाबांना रात्री न्यावं लागलं. गाडी, तपासण्या, तिथलं राहणं मिळून चाळीस हजार.

एकूण एक लाख आठ हजार. बाराने भागा, महिन्याला नऊ. म्हणजे अठ्ठावीस नव्हे, सदतीस हजार. तीस हजारांच्या पगारात सात कमी.

घर भाड्याचं असेल तर? चेंढरे, वरसोलीकडे साधी वन बीएचके आम्हाला नऊ-दहा हजारांच्या आसपास सांगितली होती. म्हणजे गेलो सत्तेचाळीसवर. किनाऱ्याजवळ तर घरमालक वर्षाचा भाडेकरू घ्यायला कां-कूं करतो. शनिवार-रविवारचा पाहुणा त्याला जास्त देऊन जातो, बिचाऱ्याचं तरी काय चुकलं?

राहिले मुंबईचा पगार इथे बसून खाऊ म्हणणारे. आठवड्यात तीन दिवस ऑफिस असलेल्या एका मित्राचा नुसता येण्याजाण्याचा खर्च बारा हजारांवर जातो. तो मिनिडोरने घरून स्टँड गाठतो, पुढे बस, मांडव्याहून लाँच, मग गेटवेपासून टॅक्सी. पावसाळ्यात लाँच बंद. मग भाऊच्या धक्क्याची रो-रो, तीही दर्या शांत असेल तर, नाहीतर वडखळ-पेणवरून एसटी. गाडी काढली आणि अटल सेतू धरला तर टोल वेगळा. त्याला साठ हजारही तोकडे पडतात. एसटीत बायकांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पेणला नोकरी करणाऱ्या आमच्या वहिनींचं गणित मात्र बरंच सुटलंय.

मिळकतसुद्धा सरळ बारा महिने नसते, बरं का. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. खोल्या देणाऱ्यांकडेही पावसात गिऱ्हाईक रोडावतं. पण ही मंडळी मुळातच वर्षाचा हिशोब करतात, मे महिन्यापर्यंत गाठीला ठेवतात. फसतो तो पगारदार, कारण एक तारीख आली की त्याला सगळं नव्याने सुरू झाल्यासारखं वाटतं.

भावाला मी "येऊ नको" म्हटलेलं नाही. वाडी आहे, वहिनी शिवणकाम उत्तम करते, डोंबिवलीचं भाडं सुटेल. सात हजारांची तोंडमिळवणी अशक्य नाही. पण तो डिसेंबरात येऊन बघणार होता, पोपटीच्या दिवसांत! (हसतो) म्हटलं, बाबा रे, जुलैत ये. पंधरा दिवस चौलच्या घरात राहा, कुठे गळतंय ते बघ, रोज भिजत अलिबागला जा. तो जुलैत येतोय. नोकरीवाल्यांना ऑगस्टपर्यंत थांबायची विनंती केलीय, त्यांचं उत्तर अजून यायचंय.