वाक्य पूर्ण होऊ द्या



हे व्याख्यान चित्रित होत असतानाच मागच्या बाकावरील एक विद्यार्थी त्याचे संपादन करीत आहे. अशी सोय आता झाली आहे. मात्र तिला मर्यादा आहेत. संपादकाच्या हाती तोवर साठलेलाच भाग असतो; पुढे काय येणार, हे त्याला ठाऊक नसते. एमपी४ फाईलची अनुक्रमणिका तर बहुधा चित्रण थांबल्यावरच लिहिली जाते. मध्येच वीज गेली, तर ती फाईल अनेकदा उघडतही नाही.

याहून मोठी मर्यादा आपल्या भाषेची आहे. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. गेल्या वर्षी एका सभेत मी म्हणालो, "सीमाभागातली मराठी शाळा संपली, असे मी मानत नाही." भाषण चालू असतानाच कापलेली चित्रफीत 'संपली'पाशी थांबली. मराठी शाळेत उभी हयात वेचलेल्या एका वृद्ध शिक्षकांनी ती पाहून दूरध्वनी केला. त्यांचा कापरा आवाज मी विसरलेलो नाही.

म्हणून बाळा, कात्री जरूर चालव. पण माझे 'नाही' ऐकल्यावर. ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण जमलो आहोत, ते गुरुजीही वाक्य संपेपर्यंत लाल पेन्सिल उचलीत नसत.