जूनमधली सर्वांत मोठी रात्र

आज पेगन सणांबद्दल बोलूया. विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये जेराल्ड गार्डनर, रॉस निकोल्स वगैरे मंडळींनी आठ सणांचं वर्षचक्र रूढ केलं. दोन अयनदिन, दोन विषुवदिन आणि मधले चार जुने केल्टिक सण.

आता मी राहते मेलबर्नला. ब्रिटनमध्ये यूल, म्हणजे सर्वांत मोठ्या रात्रीचा सण, डिसेंबरात. तेव्हा इथे उन्हाळा! म्हणून इथले अनेक पेगन यूल २१ जूनच्या आसपास करतात. तारीख सोडली, ऋतू धरला. चंद्रही इथे वेगळा दिसतो बरं का. कला त्याच, पण शुक्ल पक्षातला चंद्र डावीकडून भरत जातो.

मला हे भिडलं ते संक्रांतीमुळे. तीळ उष्ण, म्हणून थंडीत तिळगूळ. इथे जानेवारीत घामाच्या धारा! आई म्हणते, "सण तेव्हाच करायचा गं." तिचंही बरोबर आहे, त्या दिवशी सगळं घर फोनवर असतं. जानेवारीचा तिळगूळ मी माणसांसाठी ठेवलाय.

पण जूनमध्ये दिवस जेमतेम साडेनऊ तासांचा असतो. त्या संध्याकाळी मी लॅपटॉप मिटते, दिवे घालवते, एक पणती लावते आणि तिळाचे लाडू वळते. मंत्र नाही, गुरू नाही. अमावास्येलाही तसंच, दहा मिनिटं अंधारात गप्प बसायचं. श्रद्धेपेक्षा लक्ष जास्त लागतं याला.

तुमच्याकडे आज कुठली तिथी? कॅलेंडर न बघता सांगता येतेय का बघा. भेटूया पुढच्या भागात.