तापीकाठचे फारुकी



देवळ्याजवळ लोहोणेरला आपण गिरणा पाहतो.
ती पुढे तापीला मिळते.
त्या तापीखोऱ्यात फारुकी सुलतानांचं राज्य होतं.
खानदेशचं राज्य.

सुरुवात थाळनेरला.
साल १३८२. संस्थापक मलिक राजा.
त्याच्या मुलानं, नसीरखानानं, असीरगड घेतला.
बुऱ्हाणपूर वसवलं.

राज्य तसं लहानच.
पण जागा मोक्याची!
उत्तरेतून दख्खनला जायचं, तर वाट इथूनच.
गुजरातच्या बंदरांकडेही इथूनच.
बुऱ्हाणपूरचं तलम कापड दूरदूर जाई.
या वाटेनं श्रीमंती आणली, मंडळी.

अन् याच वाटेनं मोगलही आले.
अकबराला दख्खन हवं होतं.
असीरगड महिनोन्‌महिने झुंजला.
१६०१ साली पडला.
शेवटचा सुलतान बहादूरखान कैदेत गेला.

राज्य बुडालं.
बाजार मात्र बुडाला नाही.
मोगलांच्या काळात बुऱ्हाणपूर आणखी भरभराटलं.