शोधनिबंधाचा माग



मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी बेंगळूरुच्या महाविद्यालयात समाजशास्त्र, अर्थशास्त्र किंवा इतिहास घेऊन जातो, तेव्हा त्याची अडचण इंग्रजीची असते असे सर्वसाधारणपणे मानले जाते. इंग्रजी वर्षा-दोन वर्षांत सरावाची होते. खरा प्रश्न निराळा आहे. शाळेत ज्ञान पाठ्यपुस्तकात एकत्र मिळते. महाविद्यालयात ते नियतकालिकांत विखुरलेल्या शोधनिबंधांतून वेचावे लागते, आणि ही वेचणी बहुधा कोणी शिकवीत नाही.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९६२ मध्ये याच शहरात प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारले. त्यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एक सूत्र वाचकाच्या वेळेची काळजी वाहते. ग्रंथपाल हा कपाटांचा राखणदार नसून वाचकाचा वाटाड्या आहे, हे त्याचे मर्म. संकोच सोडून ग्रंथपालाला विचारणे ही म्हणूनच शोधाची पहिली पायरी ठरते.

एक उदाहरण घ्यावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील जातींच्या उगमाविषयीचा आपला निबंध ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील परिसंवादात वाचला. मे १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध झाला. विद्यार्थी ग्रंथालयाच्या सूचीत निबंधाचे नाव शोधतो आणि निराश होऊन परततो. सूचीत सहसा नियतकालिकाची नोंद असते, आतल्या निबंधांची नसते. त्यामुळे सूचीत नियतकालिकाचे नाव, वर्ष आणि खंड पाहावा. निबंधाचे नाव शोधायचे ते ‘जेस्टोर’सारख्या संग्रहात. अशा संग्रहांत जुने अंक असले, तरी अगदी अलीकडचे अंक पुष्कळदा नसतात, हेही ध्यानी ठेवावे.

शब्दांची निवड हा शोधाचा प्राण होय. ‘बॅंगलोर’चे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी ‘बेंगळूरु’ झाले; ‘म्हैसूर’ राज्य १९७३ मध्ये ‘कर्नाटक’ झाले. केवळ नव्या नावाने शोधणाऱ्याच्या हाती जुने संशोधन लागत नाही. ‘मराठा’ या शब्दाचे जुन्या इंग्रजी ग्रंथांतील वर्णलेखनही आजच्याहून वेगळे आहे. एक चांगला निबंध सापडला, की त्याच्या शेवटची संदर्भसूची मागच्या संशोधनाकडे नेते. त्याचा आधार पुढे कोणी घेतला हे पाहिल्यास नवे संशोधन सापडते.

महाजालावर एखाद्या निबंधासाठी पैसे मागितले जातात, तेव्हा विद्यार्थी हात आखडतो. तोच निबंध कित्येकदा महाविद्यालयाच्या वर्गणीत आधीच उपलब्ध असतो. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राची ‘एन-लिस्ट’ योजना सहभागी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना घरबसल्या प्रवेश देते. त्यासाठी ग्रंथालयातून आपले सदस्यनाम मिळवावे लागते. ‘शोधगंगा’वर भारतीय विद्यापीठांतील प्रबंध विनामूल्य वाचता येतात. केंद्र व राज्य शासनांच्या उच्च शिक्षणसंस्थांसाठी जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेने सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली आहेत. पालकांनी प्रवेश घेताना वसतिगृहाची आणि शुल्काची चौकशी करावी, तशीच याही सोयींची करावी.

यात पणाला लागते ते केवळ परीक्षेतील गुण नव्हेत. शहाजीराजांच्या जहागिरीपासून या शहराशी मराठी माणसाचे नाते आहे. त्याची भाषा, व्यवसाय, स्थलांतर यांविषयी लिहायचे, तर आधी काय लिहिले गेले आहे हे ठाऊक असावे लागते. ते वाचल्याविना केलेले विधान अभिमानाचे असेल, अभ्यासाचे नव्हे. हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी ग्रंथालयाची ही वाट धरावी आणि उद्याच्या संदर्भसूचींत त्यांचीही नावे यावीत, हीच या मंगल प्रसंगीची सदिच्छा.