हजरत ईसा आणि ख्रिस्ती धर्मातील एक जुना वाद
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





नववीच्या इतिहासाच्या तासाला एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, ख्रिस्ती लोक तीन देव मानतात, हे खरे ना?" साऱ्या वर्गाने मान डोलावली. वास्तविक रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईला ख्रिस्ती वस्ती आहे. घरात पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारी ही मंडळी बाजारात आणि एस.टी.त आपल्या शेजारीच बसतात. त्यांची श्रद्धा आपल्याला मान्य नाही. परंतु ती काय आहे हे शिकलेल्या माणसाला नेमके सांगता यावे, एवढ्यासाठी हा विषय मी घेतला आहे.

आपला अकीदा आपणांस ठाऊक आहे. हजरत ईसा (अलैहिस्सलाम) अल्लाहचे बंदे आणि रसूल, बीबी मरियम यांचे पुत्र, पित्याविना जन्मलेले. कुरआन शरीफात त्यांना मसीह म्हटले आहे, अल्लाहचा कलिमा म्हटले आहे. अल्लाहचा पुत्र म्हणणे मात्र साफ नाकारले आहे. ख्रिस्ती लोकही देव एकच म्हणतात, परंतु त्या एकातच पिता, पुत्र व पवित्र आत्मा असे त्रैक्य सांगतात. मग जो भुकेला झाला, थकला, रडला, तो देव कसा? हा प्रश्न आपण त्यांना विचारण्यापूर्वीच त्यांनी एकमेकांना विचारला होता, आणि तोही शेकडो वर्षे.

अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणे, पुत्र हा निर्माण केलेला आहे, पित्याच्या बरोबरीचा नाही. इ.स. ३२५ मध्ये रोमन बादशहा कॉन्स्टंटाइन याने नायसिया येथे बिशपांची परिषद भरविली. तेथे पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे असे ठरले. ठरले म्हणजे मिटले असे नव्हे. एरियसचा कट्टर विरोधक अथनेशियस याला पुढे पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. नंतर कॉन्स्टँटिनोपलचा प्रमुख नेस्टोरियस याने बीबी मरियम यांना 'देवाची माता' म्हणण्यास हरकत घेतली; ४३१ च्या इफिससच्या परिषदेने त्याला पदावरून काढले. शेवटी ४५१ मध्ये कॅल्सिडॉन येथे सूत्र ठरले: मसीह हा खरा देव आणि खरा माणूस, व्यक्ती एक, स्वभाव दोन. हे सूत्र मिसर, आर्मेनिया आणि हबशांच्या चर्चने स्वीकारले नाही. इराणातील चर्च आधीच वेगळ्या वाटेने गेले होते. त्यांना इतर लोक नेस्टोरियन म्हणत.

हबशांचे नाव निघाले की मुरूड-जंजिऱ्याकडील श्रोत्यांचे कान टवकारतात, कारण सिद्दींच्या मुलखाला आपण हबसाणच म्हणत आलो. त्याच हबश देशाच्या ख्रिस्ती राजापुढे, नजाशीपुढे, मक्केतून आलेल्या मुसलमान निर्वासितांना हाच प्रश्न विचारला गेला होता: ईसांविषयी तुम्ही काय म्हणता? त्यांना परत पाठवावे म्हणून मक्केचे वकील दरबारात हजर होते. हजरत जाफर (रजि.) यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही, आपल्या नबींनी शिकविले तेच सांगितले. दरबारातील धर्मगुरू कुरकुरले. तरीही नजाशीने आसरा काढून घेतला नाही. सीरतची पुस्तके घरोघर आहेत. हा प्रसंग मुलांकडून जरूर वाचून घ्यावा.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने लिहिले, की 'कल्लियाना' येथे इराणहून नेमलेला बिशप असतो. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे चौदाव्या शतकात ठाण्यात नेस्टोरियनांची पंधरा घरे होती. ही माहिती ओदोरिक नावाच्या इटालियन फ्रान्सिस्कन प्रवाशाची. त्यानेच पुढची हकीकत लिहिली. मारल्या गेलेल्यांच्या धर्मबंधूने ती लिहिली आहे, हे ध्यानात ठेवूनच ती ऐकावी.

१३२१ मध्ये होर्मुझहून कोल्लमला निघालेले चार फ्रान्सिस्कन जहाजाबरोबर ठाण्यास येऊन पडले आणि एका नेस्टोरियनाच्या घरी उतरले. पाहुणे कॅल्सिडॉन मानणारे, यजमान न मानणारा. ओदोरिक या नेस्टोरियनांना पाखंडीच म्हणतो. पण परक्या गावात छप्पर दिले ते त्यांनीच! एके रात्री त्या घरात नवराबायकोचे भांडण झाले आणि नवऱ्याने बायकोला मारले. सकाळी ती काझींकडे फिर्याद घेऊन गेली. पुरावा विचारला तेव्हा म्हणाली, घरी उतरलेल्या फिरंगी धर्मगुरूंनी पाहिले आहे. तेथे अलेक्झांड्रियाचा एक गृहस्थ बसला होता. तो म्हणाला, ही विद्वान माणसे आहेत, त्यांच्याशी धर्मचर्चा करावी.

तिघांना बोलावणे गेले. चौथा सामान राखीत घरी राहिला. बाईला मार बसला की नाही हे बाजूलाच पडले आणि मसीह देव की माणूस यावर वाद जुंपला. काझींच्या बाजूचे म्हणत, तो केवळ माणूस. पाहुण्यांपैकी थॉमस म्हणे, खरा देव आणि खरा माणूस. म्हणजे कॅल्सिडॉनचेच शब्द, ठाण्याच्या कचेरीत! मग त्यांना पैगंबरसाहेबांविषयी (स.अ.स.) विचारण्यात आले. त्यांनी आधी उत्तर टाळले, पुन्हा पुन्हा विचारल्यावर अपमानाचे शब्द काढले. ते शब्द मुसलमानाच्या काळजाला लागावेत असेच होते. परंतु साक्षीला बोलावलेल्या परदेशी माणसाला असे उत्तर निघेपर्यंत खोदून विचारणे हे न्यायासनाचे काम नव्हते, असे माझे स्पष्ट मत आहे. मलिकने, म्हणजे तेथील अधिकाऱ्याने, आधी त्यांना गावाबाहेर जाऊ दिले; नंतर काझींच्या आग्रहावरून मागून माणसे धाडून त्यांना ठार केले. घरी राहिलेला पीटरही सुटला नाही. ओदोरिक सांगतो, की बादशहाच्या कानी हे गेल्यावर त्याने मलिकलाच मृत्युदंड दिला आणि काझी गाव सोडून पळाले.

या चौघांची नावे युरोपच्या चर्चमध्ये आजही घेतली जातात. जिच्या फिर्यादीवरून कचेरी भरली, तिचे नाव ओदोरिकने लिहिले नाही, आणि तिच्या नवऱ्याला कोणी जाब विचारला की नाही, तेही लिहिले नाही.